हाताळता येणारी कालरेषा: वहीपासून मोबाईलपर्यंत

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयासाठी मी बेळगाव परिसराची कालरेषा, म्हणजे घटना तारखांच्या क्रमाने दाखवणारं वेबपान, बांधली. पहिल्यांदा पडद्यावर दाखवली तेव्हा पुढच्या खुर्चीत आमचे निवृत्त गुरुजी बसले होते. रंग, सरकणारी चित्रं यांतलं काही न बघता त्यांनी कित्तूरच्या नोंदीवर बोट ठेवलं. “ही तारीख कुठनं घेतलीस गं?” नेटवर होती, मी म्हटलं. “नेटवर होती ते खरं. पण लढाया दोन झाल्यात की!”

त्यांचं बरोबर होतं. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूर संस्थानाच्या इंग्रजांशी झालेल्या पहिल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, तेव्हा किल्ला पडला. मी दुसऱ्या लढाईचा निकाल पहिलीच्या तारखेखाली लिहून ठेवला होता, आणि वर त्याला सुंदर सावली देऊन उठाव आणला होता. मग सगळी कालरेषा उतरवली आणि वहीपासून पुन्हा सुरुवात केली. खाली दिलाय तो त्या दुसऱ्या वेळचा क्रम आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख असेल तर चार-पाच संध्याकाळींत काम होतं. टॅग आणि गुणधर्मांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाईलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी वही

कालरेषा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, तो प्रश्न पहिल्या पानावर लिहा. ‘बेळगावचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे, ते पोतं आहे. त्यात काहीही मावतं. आम्ही लिहिलं होतं: ‘आपल्या भागात सार्वजनिक जीवन कसं घडत गेलं?’ मग निवड सोपी झाली. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, ते आत. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ सुरू केलं, तेही आत. साहित्य संमेलनं बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली भरली, तीही आत. १९४६ च्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, म्हणून त्या नोंदीला जास्त जागा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरावर आमच्यात वाद झाला. ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ च्या सुमाराची. शेवटी सुरुवातीचा खांब म्हणून ठेवली.

नोंदी संगणकावरच्या तक्त्यात भरा. रकाने आठ: तारीख, तारीख किती नेमकी, मथळा, मजकूर, ठिकाण, प्रकार, चित्र, आधार. यातला दुसरा आणि आठवा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी कालरेषा त्या दोनांवरच उभी असते.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मध्ये आडव्या रेघा देऊन आणि इंग्रजी आकड्यांत लिहा. दिवस माहीत असेल तर तीनही भाग, महिनाच माहीत असेल तर दोन, नुसतं साल असेल तर एक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते साल १८८८. तिथे ‘१८८८’ एवढंच लिहायचं. तक्ता रिकामा दिसतो म्हणून ‘१ जानेवारी’ भरू नका. पुढे कुणीतरी ती तारीख खरी धरून वर्धापनदिन साजरा करतो. दुसऱ्या रकान्यात ‘दिवस’, ‘महिना’, ‘वर्ष’ किंवा ‘सुमारे’ यांपैकी एक शब्द. पुढे पानावर तारीख कशी दाखवायची हे याच शब्दावरून ठरतं.

जुन्या कागदांवर शालिवाहन शक असतो, तिथे जरा थांबून हिशेब करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. शके १५९६ मध्ये ७८ मिळवले की १६७४, शिवराज्याभिषेकाचं साल. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इंग्रजी वर्ष मध्येच, पौष-माघाच्या आसपास पालटतं. म्हणून जानेवारीपासून चैत्राच्या पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. संभाजीराजांची पुण्यतिथी फाल्गुन वद्य अमावास्या, शके १६१०. ७८ मिळवले तर १६८८ येईल आणि चुकेल. ७९ मिळवून १६८९ येतं, तेच खरं. तिथीचा मूळ मजकूर आधाराच्या रकान्यात तसाच उतरवून ठेवा, म्हणजे पुढच्याला हिशेब पुन्हा तपासता येतो. आणखी एक: ६ जून १६७४ ही प्रचलित तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. अशा तारखेवरून संगणकाकडून वार काढून घेऊ नका, तो आजच्या कॅलेंडरने मोजतो आणि चुकीचा वार देतो.

शब्द कसे वापरायचे

आपल्या भागात हे वगळून चालणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख एका कन्नड घरात राज्योत्सवाची असते आणि शेजारच्या मराठी घरात काळ्या दिवसाची. मी नोंदीच्या मथळ्यात फक्त घडलेली गोष्ट लिहिली: ‘राज्यपुनर्रचना लागू, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात’. लोकांना काय वाटलं आणि वाटतं, ते खाली मजकुरात, दोन्ही बाजूंनी, कुणाचं म्हणणं ते सांगून. त्यात लपवाछपवी नाही. मी मराठी घरातली आहे, माझं मन कुठे आहे ते मला माहीत आहे. पण मथळा सगळ्यांचा असतो, आणि कन्नड शाळेतली मुलंही हे पान उघडणार आहेत.

पुढच्या नोंदीही त्याच पद्धतीने: सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाची नेमणूक १९६६, अहवाल १९६७, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४. गावाचं नाव त्या-त्या काळचं ठेवा. अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगावी’ झालं. १९२४ च्या नोंदीत ते घुसवलं की वाचक अडखळतो. राज्याचंही तसंच. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत ते म्हैसूर होतं, कर्नाटक नव्हे.

एका नोंदीचा मजकूर साठ-सत्तर शब्दांवर जाऊ देऊ नका. आमची १९२४ ची नोंद अशी झाली:

‘२६ डिसेंबर १९२४. बेळगावात काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन सुरू. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी तयारीचा भार उचलला. टिळकवाडीत उभारलेल्या तंबूंच्या नगराला विजयनगर नाव दिलं होतं. पाण्यासाठी खोदलेली विहीर आज काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. विहीर अजून जागेवर आहे, वाचक उठून बघून येऊ शकतो.

अंतर किती ठेवायचं

कागदावर रेघ ओढून नोंदी मांडल्या की अडचण लगेच दिसते. १२०४ ते १८२४ मध्ये ६२० वर्षं रिकामी, आणि १९१६ ते १९२९ या तेरा वर्षांत चार नोंदींची दाटी. एका वर्षाला १० पिक्सेल धरले तर ते रिकामं अंतरच ६,२०० पिक्सेल होतं, म्हणजे मोबाईलचे सात-आठ पडदे नुसती रेघ. वाचक तिथेच पान बंद करतो. म्हणून नोंदींमधलं अंतर सारखं ठेवा आणि मोठी फट जिथे आहे तिथे रेघ तुटक करून ‘मधली ६२० वर्षं’ असं सरळ लिहा. प्रमाणशीर अंतराची कालरेषा एखाद्या दशकापुरती शोभते.

आणि रेघ उभीच ठेवा. आडवी कालरेषा संगणकाच्या पडद्यावर झकास दिसते, पण आपले वाचक एस्टीत उभं राहून, एका अंगठ्याने वाचतात.

सांगाडा

पहिल्या दिवशी फक्त एचटीएमएल लिहा, बाकी कशाला हात लावू नका. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि वरच्या ‘एचटीएमएल’ टॅगवर ‘लँग’ गुणधर्मात मराठीचा संकेत, एम आणि आर ही दोन अक्षरं, द्या. त्याशिवाय पडदा-वाचक, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पान मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातं. एखादा कन्नड मथळा असेल तर तेवढ्या टॅगवर कन्नडचा संकेत, के आणि एन.

सगळी कालरेषा म्हणजे एक क्रमवार यादी, ‘ओएल’. प्रत्येक नोंद एक ‘एलआय’. नोंदीत सर्वांत आधी ‘टाइम’ टॅग. त्याच्या ‘डेटटाइम’ गुणधर्मात तक्त्यातली इंग्रजी आकड्यांची तारीख, आणि टॅगच्या आत माणसाने वाचायची: ‘२६ डिसेंबर १९२४’, ‘एप्रिल १९१६’, ‘१२०४ च्या सुमारास’. हा गुणधर्म नुसतं साल किंवा साल-महिनाही स्वीकारतो, म्हणून खोटा दिवस घालायची वेळ येत नाही.

उघड-मिट करण्यासाठी ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ ही जोडी वापरा. मथळा ‘समरी’त, मजकूर, चित्र आणि आधाराची ओळ खाली. ही सोय ब्राउझरमध्येच आहे. कीबोर्डने चालते, पडदा-वाचकाला कळते, आणि जावास्क्रिप्ट उतरलंच नाही तरी नोंद उघडते. जंगलाकडच्या गावांत नेटवर्कची एक काडी येते-जाते. तिथे पान अर्धवट उतरतं तेव्हा निदान यादी तरी वाचता यावी, हा माझा हट्ट आहे.

प्रत्येक ‘एलआय’ला एक ‘आयडी’ द्या, इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. देवनागरी आयडी चालतो, पण दुवा पाठवताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळींची जत्रा दिसते. शिवाय ‘डेटा-प्रकार’ असा स्वतःचा गुणधर्म ठेवा, त्यात साहित्य, राज्यकारभार, उद्योग असा नोंदीचा गट. उद्या गाळणी (फिल्टर) लावायची आहे.

इथे थांबून पान मोबाईलवर उघडा. साधी, काळी-पांढरी यादी दिसेल. ती वरून खाली वाचताना गोष्ट कळत नसेल तर तक्त्याकडे परत जा. सीएसएसने ती कळणार नाही.

रंगरूप

रेघ काढायला चित्र लागत नाही. ‘ओएल’ला डाव्या बाजूची जाड किनार द्या, ‘एलआय’ला तेवढंच डावं अंतर, आणि प्रत्येक नोंदीपुढचा ठिपका ‘बिफोर’ या आभासी घटकाने काढून किनारीवर बसवा. नेमकी तारीख असेल तर भरीव ठिपका, ‘सुमारे’ असेल तर पोकळ. त्याची खूण पानाच्या माथ्यावर एका ओळीत सांगा. आमच्या गावच्या मुलांनी ही खूण सगळ्यांत आधी ओळखली.

देवनागरीसाठी ओळींची उंची अक्षराच्या १.७ पट तरी हवी. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ‘लेटर-स्पेसिंग’, शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्यांवर ते ऐटदार दिसतं, पण आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडलेल्या दातांसारखा दिसतो. तयार साचे वापरलेत तर हे हमखास आलेलं असतं, शोधून काढून टाका. फॉन्ट एकच घ्या, ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, आणि त्याची फाईल स्वतःच्याच जागेवर ठेवा. ‘फाँट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिलं की फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसत राहतो.

हलवायचं कसं

आता जावास्क्रिप्ट. तीन कामं पुरेशी आहेत.

पहिलं, गाळणी. वर गटांची बटणं ठेवा, खरोखरच्या ‘बटन’ टॅगची. दाबलं की यादीतल्या प्रत्येक ‘एलआय’चा ‘डेटा-प्रकार’ तपासायचा आणि न जुळणाऱ्याला ‘हिडन’ करायचं. दाबलेल्या बटणावर ‘एरिया-प्रेस्ड’ (यातलं एरिया म्हणजे ए, आर, आय, ए) खरं करा. इथे मी दोन तास घालवले: नोंदी लपतच नव्हत्या. कारण सीएसएसमध्ये मी ‘एलआय’ला ‘डिस्प्ले’ म्हणून ‘फ्लेक्स’ दिलं होतं, आणि ते ‘हिडन’वर मात करतं. ‘हिडन’ असलेल्या घटकाला ‘डिस्प्ले’ ‘नन’ असा वेगळा, जास्त वजनाचा नियम लिहिला की प्रश्न सुटतो. बटणांखाली ‘७ नोंदी दिसत आहेत’ अशी ओळ ‘एरिया-लाइव्ह’ लावून ठेवा. डोळ्यांनी न बघणाऱ्यालाही बदल कळतो.

दुसरं, सालांची पट्टी. माथ्याला चिकटून राहणारी ‘स्टिकी’ पट्टी, तिच्यावर ठळक सालांचे दुवे. वाचक सरकत जाईल तसं चालू साल उजळायचं. त्यासाठी सरकण्याची प्रत्येक हालचाल मोजत बसू नका, साध्या फोनची दमछाक होते. ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ वापरा, एखादा घटक पडद्याच्या ठरावीक भागात आला की कळवणारी ती ब्राउझरमधलीच सोय आहे. त्याच्या ‘रूट-मार्जिन’मध्ये वरून उणे ४० टक्के आणि खालून उणे ५५ टक्के द्या, पडद्याच्या मध्यावर ५ टक्क्यांची पट्टी उरते आणि जी नोंद त्या पट्टीत शिरेल तिचं साल उजळतं. दुव्यावर टिचकी मारल्यावर मथळा चिकट पट्टीखाली दडतो, म्हणून ‘एलआय’ला पट्टीच्या उंचीइतकं ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ द्या. हळुवार सरकणं ठेवायचं असेल तर ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ तपासूनच ठेवा. काहींना त्या हालचालीने घेरी येते.

तिसरं, नोंदीचा स्वतःचा दुवा. पान उघडताना पत्त्याच्या शेवटी आयडी असेल तर तो वाचा, ती ‘एलआय’ शोधा आणि तिच्यातलं ‘डिटेल्स’ उघडा. मग संमेलनाची नोंद कुणी पाठवली तर समोरच्याला थेट तीच उघडलेली मिळते. कालरेषा गावात फिरली ती याच सोयीमुळे.

तारखा जावास्क्रिप्टकडून मराठीत लिहून घ्यायच्या असतील तर ‘एम आर - आय एन’ हा संकेत देऊन ‘इंटल’चा तारीख-लेखक (‘डेटटाइमफॉरमॅट’) वापरा, आकडेही देवनागरी येतात. मात्र दोन सापळे आहेत. ‘डेट’मध्ये महिने शून्यापासून मोजतात, डिसेंबर म्हणजे ११. आणि नुसती तारीख दिली की ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरली जाते. बेळगावात बरोबर दिसते, पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भाच्याला अधिवेशन २५ डिसेंबरला सुरू झालेलं दिसतं. लिहून घेताना वेळेचा पट्टा ‘यूटीसी’, म्हणजे ग्रिनिचचाच, असा स्पष्ट सांगा. चाळीस नोंदींच्या आत काम असेल तर तारखा हाताने लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

कोड नकोच असेल तर

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं ‘टाइमलाइनजेएस’ हे फुकट साधन आहे. त्यांचा गूगल शीटचा नमुना उतरवून घ्यायचा, रकाने भरायचे, शीट वेबवर प्रसिद्ध करायची आणि तिचा पत्ता त्यांच्या पानावर देऊन जोडणीचा कोड घ्यायचा. सालाचा रकाना इंग्रजी आकड्यांतच भरा, देवनागरी आकडे त्याला वाचता येत नाहीत; मराठी तारखेसाठी ‘डिस्प्ले डेट’ हा वेगळा रकाना आहे. वीसच्या आसपास नोंदींपर्यंतच ते छान चालतं, करणारेही तेच सुचवतात. शाळेच्या प्रकल्पाला उत्तम. गावाच्या कायमच्या पानाला मी ते वापरणार नाही, कारण शीट आणि साधन दोन्ही दुसऱ्याच्या दारात राहतात.

चित्रं आणि तपासणी

फोनवर काढलेला फोटो तसाच चढवला तर एकेक चार-पाच एमबीचा असतो. रुंदी ८०० पिक्सेलवर आणून वेबपी स्वरूपात ठेवा, ‘लोडिंग’ला ‘लेझी’ द्या, आणि रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा म्हणजे चित्र उतरताना मजकूर उड्या मारत नाही. २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून भारतात छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. ती मुदत संपलेला फोटो असला तरी ज्या घरातून मिळाला त्या घराला विचारून, त्यांच्या नावाची ओळ घालूनच लावा. फोटोमागचं पेनाने लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो घ्या. आम्हाला तीन तारखा तिथेच मिळाल्या.

तपासताना फोन सगळ्यांत स्वस्त घ्या, नेट टूजीवर आणा. मग जावास्क्रिप्ट बंद करून बघा, नुसत्या टॅब आणि एंटर कळींनी सगळ्या नोंदी उघडून बघा, अक्षरं दुप्पट मोठी करून बघा. आणि पानाच्या तळाशी ‘चूक दिसली तर कळवा’ ही ओळ आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख ठेवा. दुरुस्ती आधी तक्त्यात, मग पानावर. उलट केलंत की दोन महिन्यांत दोन्हींचा मेळ बसत नाही.

दुसऱ्या वेळी पान दाखवलं तेव्हा गुरुजींनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कित्तूरच्या दोन्ही नोंदी एकामागोमाग उघडल्या. खालची आधाराची ओळ पुटपुटत वाचली. मग १८८८ चा ठिपका दाबून शेजारच्या पोराला म्हणाले, “हे बघ, किर्लोस्करांचं सायकल दुकान आपल्या बेळगावातलं. आता पुढचं तू वाच.”